गिटार घरच्या घरी शिकताना: गाणं सहाव्या टप्प्यावर

गिटार घरी आली की पहिल्याच संध्याकाळी बहुतेक जण एकच करतात. आवडत्या गाण्याचा ‘फक्त चार सोप्या कॉर्ड्स’वाला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे काही सूर) व्हिडिओ लावायचा, त्यातल्या माणसाची बोटं बघत आपली बोटं बसवायची. तासाभराने बोटं लाल आणि गाणं कुणालाच ओळखू न येणारं. आठ-दहा दिवस हे चालतं. मग गिटार कव्हरमध्ये जाते आणि कव्हर कपाटावर. आमच्या कपाटावरची माझ्या मुलाची होती. त्याने सोडल्यावर वयाच्या ३८व्या वर्षी मी ती धूळ झटकून उचलली आणि त्याने केलेल्या सगळ्या चुका त्याच क्रमाने केल्या.

बोटं बिचारी निर्दोष असतात, चुकतो तो क्रम. खालचा क्रम स्टीलच्या तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारसाठी आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी आहे. डावखुरे असाल तर डावखुरी गिटार घ्यायची की उजवीवरच शिकायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. तीन महिन्यांनी हात बदलणं फार जड जातं. रोज २०-२५ मिनिटं दिलीत तर हे सगळं साधारण तीन महिन्यांत होतं. रविवारी एकदम तीन तास बसणारे सहसा दुसऱ्या रविवारी बसत नाहीत.

दोन शब्द आधी पक्के करू. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. गिटार मांडीवर धरली की सहावी छताकडे असते आणि पहिली जमिनीकडे, म्हणून ‘वरची तार’, ‘खालची तार’ हे शब्द वापरूच नका. दांडीवरच्या धातूच्या आडव्या काड्या म्हणजे फ्रेट, सतारवाल्यांचे पडदे. ‘दुसऱ्या फ्रेटला दाबा’ याचा अर्थ पहिली आणि दुसरी काडी यांच्या मधल्या लाकडावर, दुसऱ्या काडीला अगदी खेटून. काडीवर बोट ठेवायचं नाही.

## टप्पा १: गिटार दाबण्याजोगी आहे का, ते मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून यावरच जरा जास्त लिहिते.

शाळेच्या कंपासपेटीतली मिलिमीटरची पट्टी घ्या. बाराव्या काडीवर ती उभी ठेवा आणि काडीच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर बघा. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर गिटार शिकण्यालायक आहे. या उंचीला ‘ॲक्शन’ म्हणतात. साडेतीन-चार मिलिमीटर भरलं तर त्या गिटारवर कसलेला वादकही कुरकुरेल.

आमची पावणेचार भरली. पण ते मला दोन महिन्यांनी कळलं. तोपर्यंत ‘सुरुवातीला दुखतंच’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं होतं की माझ्याच बोटांत दम नाही अशी खात्री झाली होती. शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी ब्रिजमधली, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यातली, पांढरी पट्टी (सॅडल) काढली, बुडाकडून सँडपेपरवर घासली आणि परत बसवली. अर्ध्या तासाचं काम. तंबोऱ्याची जवारी काढतात त्याचाच हा रांगडा भाऊ म्हणा. फक्त जवारीत घोडीची वरची बाजू घासतात, इथे बूड. हिशेब असा की बाराव्या फ्रेटला एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. स्वतः करायला जाऊ नका, तिरकी घासली गेली की नवीनच घ्यावी लागते.

दुसरी तपासणी दांडीची. सहावी तार पहिल्या फ्रेटला डाव्या हाताने दाबा आणि दांडी जिथे गिटारच्या पेटीला, म्हणजे पोकळ पोटाला, मिळते तिथल्या फ्रेटला उजव्या हाताने. आता सातव्या काडीवर तारेखाली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. बोट जाईल इतकी असेल तर दांडी पुढे वाकली आहे. ती आतल्या धातूच्या सळईने (ट्रस रॉडने) सरळ होते, पण तेही जाणत्याकडूनच करून घ्या.

नवीन घेताय? दुकानात ती मिलिमीटरची पट्टी सोबत न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. नव्या गिटारला सात ते दहा हजारांच्या आसपास बजेट ठेवा. त्याहून फार स्वस्तात खुंट्या सूर धरत नाहीत. अंगाने लहान असाल तर मोठ्या पोटाची ड्रेडनॉट न घेता थोडी लहान पेटीची घ्या, नाहीतर उजवा खांदा कानाला लागतो. तारा ०.०११ किंवा ०.०१० च्या संचातल्या मागा, हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचात. बऱ्याच गिटारांवर कारखान्यातून ०.०१२ चा संच येतो आणि नवख्या बोटांना तो जाड पडतो.

सावधान: नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलचा ७० च्या. ब्रिज उचकटून येऊ शकतो.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पेटीचा पुढचा पाट फुगतो आणि ॲक्शन आपोआप वाढते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलटं: लाकूड आटतं, काड्यांची टोकं दांडीबाहेर येऊन हाताला बोचतात. दोन्हीवर उपाय साधे आहेत. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात आणि खिडकीच्या उन्हात गिटार ठेवायची नाही. गच्चीखालच्या खोलीत कपाटावर तर नाहीच.

## टप्पा २: सूर, रोज, वाजवण्याआधी

सहावीपासून पहिलीपर्यंत सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर लक्षात ठेवायला सोपं: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, परत पांढरी तीन. पण सुरुवातीला सूर जुळवायला पेटी नको, फोनमधलं ट्यूनर ॲप किंवा खुंट्यांजवळ दांडीच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर वापरा. पेटीवर सप्तकाचा घोळ होतो: कान म्हणतो जुळलं, आणि तार एक सप्तक खाली लोंबत असते.

क्रम:

१. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फोनचा माइक फार भोळा असतो, तो कुकरची शिट्टीही ऐकतो. (क्लिप ट्यूनर कंपनावर चालतो, त्याला शिट्टीचं काही नसतं.)

२. एक तार छेडा. आता डाव्या हाताचं बोट त्या तारेवरून थेट तिच्या खुंटीपर्यंत न्या. मगच ती खुंटी फिरवा.

३. सूर चढा असेल तर आधी थोडा खाली न्या आणि खालून वर येत थांबा. वरून खाली उतरवलेली तार दोन मिनिटांत आणखी उतरते.

४. सहाही झाल्यावर परत सहावीपासून बघा. बाकीच्या तारांचा ताण बदलला की दांडीही किंचित हलते आणि पहिल्यांदा लावलेली तार सरकते.

यातली दुसरी पायरी हास्यास्पद वाटेल. पहिल्याच आठवड्यात मी छेडत होते तिसरी तार आणि फिरवत होते दुसरीची खुंटी. काटा हलेना म्हणून आणखी फिरवली. तार ‘टाण्’ करून तुटली ती थेट गालावर. ओरखडा चार दिवस होता आणि ऑफिसात मांजरीचं नाव सांगितलं.

तपासा: ट्यूनरवर नुसतं ‘ई’ दिसलं म्हणजे झालं नाही. पहिली आणि सहावी दोन्ही ई आहेत, त्यांत दोन सप्तकांचं अंतर आहे. तार ताणून ताठ झालीय आणि ट्यूनर अजून ‘चढवा’ म्हणतोय, तर थांबा आणि खुंटी कुठली हातात आहे ते बघा.

## टप्पा ३: बैठक आणि डावा हात

हात नसलेल्या खुर्चीवर बसा. सोफा आणि पलंग बाद. गिटार उजव्या मांडीवर, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, दांडी जमिनीला समांतर किंवा थोडी वर. बोटं दिसावीत म्हणून सगळे गिटार स्वतःकडे उताणी करतात. तसं केलं की मनगट मोडल्यासारखं वाकतं आणि दहा मिनिटांत दुखतं. दिसत नसेल तर मान पुढे करा, गिटार फिरवू नका.

डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापा. अंगठा दांडीच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर. बोटं नखाच्या बाजूच्या टोकावर उभी.

आता एक काम करा, त्याला पाच मिनिटं पुरतात. पहिल्या बोटाने तिसरी तार दुसऱ्या फ्रेटला नुसती शिवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने छेडत राहा. ‘टप् टप्’ असा बसका आवाज येईल. अगदी हळू दाब वाढवा. ‘टप्’चं ‘झर्र’ होईल आणि मग एका क्षणी तार स्वच्छ बोलेल. तिथेच थांबा. एवढाच दाब लागतो, याहून एक तोळाही जास्त नाही. मग बोट काडीपासून मागे, फ्रेटच्या मध्यावर सरकवा आणि हेच पुन्हा करा. दाब किती जास्त लागतो ते बोटालाच कळेल. काडीला खेटून दाबायचं का सांगतात, हे मला वाचून कळलं नव्हतं, असं कळलं.

बोटांची टोकं दोन-चार आठवडे हुळहुळणार, मग तिथे घट्टा पडतो. भांडी घासल्यावर किंवा आंघोळीनंतर लगेच वाजवायला बसू नका, भिजलेल्या कातड्यात तार सुरीसारखी रुतते. सराव आधी, भांडी नंतर. (घरात हे कारण चाललं नाही, पण खरं आहे.)

थांबा: टोकांची आग चालते. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपर दुखत असेल तर त्या दिवशी बंद. ते सवयीने जाणारं दुखणं नाही, बैठक किंवा दाब चुकतोय.

## टप्पा ४: आधी उजवा हात

इथे सगळे उलटं करतात. आधी कॉर्ड शिकतात आणि उजव्या हाताचं ‘येईल आपोआप’ म्हणतात. आपोआप येत नाही. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड एकवेळ चालते, थांबलेला ठेका चालत नाही. आरतीत कुणाचं कडवं चुकलं तर बाकीचे सांभाळून घेतात, टाळ थांबला तर सगळेच थांबतात. तसंच.

डावा हात सगळ्या तारांवर आडवा, हलका ठेवा म्हणजे कुठलाच सूर वाजणार नाही, नुसती ‘छक्’ येईल. उजव्या हातात पातळ पिक (तारा छेडायची छोटी चकती) घ्या, ०.६० मिलिमीटरच्या आसपासचं. जाड पिक नवख्याच्या हातात तारांना अडकतं. पिक तर्जनीच्या कडेवर ठेवून वरून अंगठा, टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको. हात मनगटातून सैल, ओलं बोट झटकल्यासारखा.

आता केहरवा मोजा: धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रा. विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर, घड्याळाच्या लंबकासारखा. आधी आठही मात्रांना तारा वाजू द्या. मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर, प्रत्येक ठोक्याला दोन मात्रा. दोन-तीन दिवस एवढंच.

मग यातल्या दोन मात्रा रिकाम्या सोडा: दुसरी आणि पाचवी. म्हणजे ‘धा (गे) ना ती (ना) क धी ना’. कंसातल्या मात्रांना हात नेहमीसारखाच जातो, फक्त तारांना न शिवता हवेतून. पाचवीला हात खाली जातो पण वाजत नाही, आणि लगेच सहावीला वर येताना वाजतो. इथेच सगळे अडकतात, कारण ‘वाजवायचं नाही’ म्हटलं की हात थांबतो. थांबला की गेलं. जमत नसेल तर गिटार बाजूला ठेवून मांडीवर करा, तोंडाने बोल म्हणत. हिंदी-मराठी गाण्यांत जो ‘गिटारवाला’ ठेका कानात बसलेला असतो, तो बहुतेक वेळा हाच.

दादऱ्याला (धा धी ना, धा ती ना) सुरुवातीला सहाही खालीच मारा, पहिली आणि चौथी मात्रा जाड तारांवर जोरात, बाकीच्या बारीक तारांवर हलक्या.

तपासा: फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा. ऐकताना टाळी धरून बसा. टाळी आणि ‘छक्’ शेवटपर्यंत सोबत राहिली तर पुढे जा.

रात्री सोसायटीत शेजाऱ्यांची झोप मोडायची नसेल तर ब्रिजजवळ तारांखाली एक मोजा सरकवून ठेवा.

## टप्पा ५: कॉर्ड नव्हे, कॉर्डचा बदल

कॉर्डचे तक्ते घेऊन दहा कॉर्ड पाठ करणारे पुष्कळ. त्यांना कुठलीही कॉर्ड सावकाश लावता येते आणि एकीवरून दुसरीवर जाता येत नाही. म्हणून कॉर्ड सुट्या शिकू नका, जोडीने शिका. बोटांची नावं: तर्जनी १, मधलं २, अनामिका ३, करंगळी ४.

पहिली जोडी, ई मायनर आणि ए मायनर. ई मायनरला दुसरं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटला, तिसरं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटला, सहाही तारा वाजतात. ए मायनरला हीच दोन बोटं जोडीनेच एकेक तार जमिनीकडे सरकवा, म्हणजे चौथी आणि तिसरी. वर तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटला. सहावी तार वाजवायची नाही.

दुसरी जोडी, ए मायनर आणि सी. तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला. जी दोन बोटं जागेवर राहतात त्यांना उगाच उचलणं, ही इथली एकमेव चूक.

तिसरी जोडी, जी आणि सी. जी अशी धरा: अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्याच्या दुसऱ्याला, करंगळी पहिल्याच्या तिसऱ्याला. करंगळी कुरकुरेल, पण या पद्धतीने सीवर जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीनेच एक तार सरकतात. करंगळी वाचवणारी जी सोपी वाटते आणि मग बदलाला महिनाभर रडवते.

चौथी, जी आणि डी. डीला तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्याला, मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्याला. फक्त चार बारीक तारा वाजवायच्या.

प्रत्येक कॉर्ड लावल्यावर एकदा तार-तार वेगळी छेडून ऐका. ‘टप्’ येत असेल तर शेजारचं बोट त्या तारेला शिवतंय, बोट आणखी उभं करा. ‘झर्र’ येत असेल तर बोट काडीपासून लांब आहे किंवा दाब कमी आहे. बोटं उलटसुलट करून बघण्याआधी आवाज ओळखा.

सरावाची पद्धत: फोनवर एक मिनिटाचा टायमर. ई मायनरवरून ए मायनर, एक. परत ई मायनर, दोन. मिनिटात किती झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. पहिल्या दिवशी माझे नऊ झाले होते. तीसला पोचलात की ती जोडी गाण्याला तयार. तीसच का? मिनिटाला ८० ठोक्यांच्या गाण्यात चार ठोक्यांना एक कॉर्ड धरली तर मिनिटाला वीस बदल लागतात. तीस हातात असले की दहा शिलकीत राहतात, आणि ते घाबरण्यात खर्च होतात.

वीसच्या आसपास अडकलात तर कुठलं बोट सगळ्यात शेवटी पोचतंय ते बघा. सीला बहुधा अनामिका. मग मुद्दाम तिलाच पहिली टेकवा, कारण उजवा हात खाली येताना आधी जाड तारेलाच लागतो.

सावधान: बदल जमत नाही म्हणून उजवा हात थांबवू नका. चौथ्या ठोक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात (आठव्या मात्रेला) डावा हात उचलून मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील. निम्मे वादक तेच करतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा ६: गाणं, आणि तुमची पट्टी

आता गाणं. निकष तीन: तोंडपाठ हवं, संथ हवं, तीन-चार कॉर्डमध्ये बसणारं हवं. शाळेतली प्रार्थना, आरती, बडबडगीत यांना कमी लेखू नका. रागदारीच्या अंगाची भावगीतं आणि नाट्यपदं सध्या लांब ठेवा. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. मारव्यासारख्या रागात पंचमच नाही, तिथे ही कॉर्ड वाजली की गाणं सोलून निघतं.

मी पहिलं गाणं बसवलं आणि सासूबाईंना ऐकवलं. त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. अर्ध्यात थांबवून म्हणाल्या, “अगं, वाजतंय बरं, पण तुझा सा कुठाय? तू खाली पुटपुटतेयस.” नेटवर ज्या कॉर्ड सापडल्या त्या कुणा पुरुषाच्या पट्टीतल्या होत्या आणि मी त्यातच माझा गळा कोंबत होते. कित्येकांना वाटतं आपल्याला गाता येत नाही. गाता येतं, पट्टी चुकलेली असते.

त्यावर उपाय कॅपो. हा चिमटा ज्या फ्रेटला लावाल तितके अर्धे सूर गिटार चढते, आणि बोटांचे आकार तेच राहतात. पेटीच्या भाषेत हिशेब असा:

जीच्या आकारात (जी, सी, डी, ई मायनर): कॅपो नसताना पांढरी पाच, पहिल्या फ्रेटला काळी चार, दुसऱ्याला पांढरी सहा, तिसऱ्याला काळी पाच. बायकांना बहुधा इथेच कुठेतरी सापडतं.

सीच्या आकारात: कॅपो नसताना पांढरी एक, पहिल्याला काळी एक, दुसऱ्याला पांढरी दोन, तिसऱ्याला काळी दोन. पुरुषांनी इथून सुरू करावं.

डीच्या आकारात: दुसऱ्या फ्रेटला पांढरी तीन, तिसऱ्याला पांढरी चार, चौथ्याला काळी तीन.

गाण्याचा सगळ्यात वरचा सूर आधी म्हणून बघा, तो ताण न देता लागला की पट्टी ठरली. कॅपो काडीला खेटून लावा आणि लावल्यावर सूर परत तपासा, तारा किंचित चढलेल्या असतात.

आणखी एक चूक इथे हमखास होते. कॉर्डच्या कागदावर कॉर्डचं नाव पहिल्या शब्दावर लिहिलेलं असतं म्हणून तिथे ती वाजवतात. आपल्याकडचे मुखडे पुष्कळदा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उचललेले असतात. कॉर्ड समेवर बदलते, शब्दावर नाही. म्हणून गिटार हातात घेण्याआधी गाणं टाळी धरून म्हणा, सम ज्या अक्षरावर येते त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, आणि कॉर्डचं नाव त्या रेघेवर सरकवा.

क्रम: आधी नुसती कॉर्ड, समेला एकदाच, गात गात. मग चार ठोके. मग केहरव्याचा ठेका. गाताना ठेका तुटत असेल तर शब्दांऐवजी ‘ला ला’ म्हणा. शब्दांचं वजन हाताला ओढत असतं.

## टप्पा ७: एफ

सीच्या आकारात वाजवायला गेलात की एफ आडवी येते. अनेकांची गिटार इथेच कपाटावर जाते. घाई नको.

आधी एफ मेजर सेव्हन घ्या: सीचीच तर्जनी जागेवर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्याच्या तिसऱ्याला, पहिली तार मोकळी. चार तारा वाजवा. बहुतेक गाण्यांत हिने भागतं. मग तर्जनी आडवी करून पहिली-दुसरी दोन्ही तारा दाबायला शिका. पूर्ण बार, म्हणजे सहा तारांवर आडवी तर्जनी, आधी पाचव्या फ्रेटला करा. तिथे तारा मऊ लागतात. मग रोज एकेक फ्रेट खाली या. तर्जनीचं मांसल पोट नव्हे, अंगठ्याकडची हाडाळ कड वापरा आणि अंगठ्याने चिमटा काढण्याऐवजी अख्खा हात किंचित मागे ओढा.

तरीही पहिल्या फ्रेटलाच जीव जात असेल तर नट तपासा, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटला दाबली की पहिल्या काडीवर ती जवळजवळ टेकलेली दिसायला हवी. स्पष्ट फट असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. पुन्हा काकांकडे.

आणि काळी एक पट्टीच हवी असेल, एफ नको असेल, तर चौथ्या फ्रेटला कॅपो लावून ए, डी, ई वाजवा. कुणी विचारणार नाही.

## टप्पा ८: तारा बदलणं

बोटांना काळं लागायला लागलं, तारांचा रंग मळला किंवा सूर ट्यूनरवर जुळूनही कॉर्ड बेसूर लागली की तारा संपल्या. रोजच्या वाजवण्याला तीन-चार महिने, समुद्राजवळ दोन. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्यात तर थोड्या जास्त टिकतात.

सहाही एकदम काढू नका. एक काढा, एक चढवा, म्हणजे कुठली तार खुंटीवर कुठल्या बाजूने गुंडाळली होती ते शेजारणीकडे बघून कळतं. ब्रिजवर तार धरून ठेवणारी पिन उपसायला पक्कड लावू नका. गिटारच्या पेटीच्या तोंडातून हात घालून जुन्या नाण्याने खालून ढकला. नवीन तार घालताना पिनची खाच दांडीकडे ठेवा, पिन दाबत दाबत तार वर ओढा, तारेच्या टोकाचा मणी आत अडकल्याचं हाताला जाणवतं. खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील एवढी ढील सोडा.

नव्या तारा दोन-तीन दिवस सारख्या उतरतात, गिटार बिघडली असं समजू नका. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर चिमटीत धरून हलकेच वर ओढा, परत सूर लावा, असं तीन-चारदा. पहिली तार सगळ्यात शेवटी चढवा, खुंटी कुठली हातात आहे ते दोनदा बघा आणि गाल बाजूला ठेवा.